खेळ बनविणाऱ्याच्या घरचा हिशेब



घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री एक-दोन वाजेपर्यंत संगणकापुढे बसलेली दिसली, की आईबापाचा जीव खालीवर होतो. "किती वेळ खेळतोस रे?" असे विचारले तर उत्तर येते, "खेळत नाही, खेळ बनवतोय." या उत्तराने काळजी कमी होत नाही, उलट वाढते. खेळ बनवून कोणाचे पोट भरते काय? ओव्हरटाइम करून कॉलेजची फी भरली ती यासाठीच काय? आणि उद्या तो म्हणाला की हातची नोकरी सोडतो, तर त्याला हो म्हणावे की नाही?

हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी हा धंदा कसा चालतो ते माहीत करून घ्यावे, म्हणून आजचा हा लेख.

आधी एक शब्द समजून घेऊ. या मुलांच्या तोंडी 'इंडी गेम' असा शब्द असतो. इंडी म्हणजे स्वतंत्र. शेकडो कामगार आणि कोट्यवधींचे भांडवल घेऊन मोठ्या कंपन्या जे खेळ काढतात, ते वेगळे. एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून, कोणा बड्या मालकाच्या हुकमाशिवाय जो खेळ बनविला जातो, तो इंडी. मोठी गिरणी आणि घरातला हातमाग यांत जो फरक, तोच येथे समजावा.

सिॲटलचे एक घर

अमेरिकेतील सिॲटलच्या बाजूचा एरिक बॅरोन हा तरुण. २०११ साली त्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली, पण नोकरी मिळेना. हात बसावा म्हणून त्याने एक खेळ करायला घेतला. आजोबांची पडीक शेती नातवाने पुन्हा उभी करायची, असा तो साधा खेळ. थोड्या दिवसांत आटोपेल असे वाटलेले हे काम साडेचार वर्षे चालले. प्रोग्रॅम त्यानेच लिहिला, चित्रे त्यानेच काढली, संगीत त्यानेच दिले, गावातल्या माणसांचे संवादही त्यानेच लिहिले. या काळात घरखर्चाचा मोठा भार त्याच्या जोडीदारीण मुलीने उचलला. तो स्वतः एका नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखविण्याचे अर्धवेळ काम करीत असे.

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'स्टारड्यू व्हॅली' बाजारात आला. पहिल्या दोन महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या. २०२४ च्या अखेरीस हा आकडा चार कोटी दहा लाखांवर गेला होता.

हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापून येतो. तिकीट फाडून टाकणाऱ्यांचा येत नाही. बॅरोनच्या गोष्टीत आपण शेवट पाहतो, परंतु आपल्या कामाचा भाग मधला आहे. तो साडेचार वर्षे टिकला, कारण घरात दुसऱ्या कोणाचा पगार येत होता. ज्या घरात दुसरा पगारच नाही, किंवा त्या पगारावर पाच-सहा माणसे जगतात, त्या घराचा हिशेब वेगळा असतो. तो वेगळा आहे असे मोकळेपणाने म्हणण्यात कमीपणा मुळीच नाही.

शेवटचा हात

बॅरोनने आणखी एक गोष्ट केली. गावकऱ्यांचे चेहरे त्याने काढले, मोडले, पुन्हा काढले. वर्षे गेली तसा हात सुधारला, आणि सुधारलेल्या हाताला जुने चित्र खटकू लागले.

सुतारकाम करणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. चार पाय आणि फळी ठोकली की टेबल उभे राहते. पण गिऱ्हाईक टेबल किती भक्कम आहे ते नंतर पाहते, आधी त्यावरून हात फिरवते. म्हणून रंधा, म्हणून पॉलिश पेपर, म्हणून शेवटचा हात. संगणकाच्या खेळातही तसेच आहे.

२०१२ साली मार्टिन योनासन आणि पेट्री पुरहो या दोन खेळकर्त्यांनी एका व्याख्यानात याचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यांनी विटा फोडण्याचा जुना खेळ घेतला. खाली एक पट्टी, मध्ये चेंडू, वर विटांच्या रांगा. सुरुवातीला सारे सपाट चौकोन होते. मग एकेक गोष्ट वाढवीत नेली. रंग आले. चेंडू आपटताच आवाज झाला. वीट फुटताना थरथरली आणि तिचे तुकडे उडाले. धक्का बसताच सगळा पडदा किंचित हलला. नियम एकही बदलला नाही. तरीही सुरुवातीचा कोरडा खेळ शेवटी हातातून सोडवेना. या गुणाला त्या धंद्यात 'ज्यूस', म्हणजे रस, असे म्हणतात. मराठीत आपण 'जीव ओतणे' म्हणतो, तेच हे.

हे काम दिसते थोडे, पण खाते फार. मुलगा म्हणतो, "गेम जवळजवळ झालाय." ते खरेही असते. परंतु घर बांधून झाले आणि घर राहण्याजोगे झाले, यांत गिलावा, फरशी, नळ आणि रंग येतात, हे आपण जाणतो. त्या 'जवळजवळ'मध्ये कित्येकांची वर्षे गेली आहेत.

थोडक्यात भागविण्याची कला

देखणेपणासाठी पैसाच लागतो, असे मात्र नाही. या धंद्याच्या इतिहासात अडचणीतून निघालेल्या वाटा पुष्कळ आहेत, आणि त्या मोठ्या मौजेच्या आहेत.

जपानचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ चा. तो सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसविलेला होता. आज आपल्या मोबाइलवर आलेला लग्नाचा एक फोटोसुद्धा बहुधा त्याहून मोठा असतो. एवढ्या थोड्या जागेत चित्रे किती ठेवणार? म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच चित्र वापरले. वर पांढरे, खाली हिरवे. कोट्यवधी लोक तो खेळ खेळले, पण ढग आणि झुडूप एकच आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

मारिओच्या मिशीचीही गोष्ट अशीच. १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळात तो प्रथम आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यासाठी मोजकेच ठिपके हाताशी होते. तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी मिशी दिली. केस नीट दिसेनात, म्हणून डोक्यावर टोपी घातली. अडचणीत केलेली ती सोय पुढे जगभर त्याची ओळख ठरली.

त्याही आधी, १९७८ साली, तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनविला. वरून उतरणाऱ्या शत्रूंना एकेक करून मारायचे, असा तो खेळ. शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात धावू लागतात आणि खेळणाऱ्याला घाम फुटतो. ही युक्ती मुळात योजलेली नव्हती. एवढ्या शत्रूंची चित्रे हलविताना त्या काळच्या यंत्राला धाप लागे. शत्रू मेले की ओझे हलके होई आणि यंत्र भरभर चाले. निशिकादो यांनी हा दोष पाहिला, त्यातली गंमत ओळखली आणि तो तसाच ठेवला.

अलीकडचे उदाहरण लुकास पोप यांचे. २०१८ च्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' या त्यांच्या खेळात दोनच छटा आहेत, एक काळी आणि एक उजळ. वर्तमानपत्रातला जुना फोटो भिंग लावून पाहिला तर तो काळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो. पडदाभर तसेच ठिपके. पण खेळणारा मान वळवी तसे ते ठिपके मुंग्यांसारखे वळवळू लागत आणि डोळे दुखत. ते स्थिर करण्यासाठी पोप यांनी पुष्कळ खटपट केली. हे काम साधले म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. साधले नसते तर मात्र प्रत्येकाने नाव ठेवले असते.

बाजारातला भाव

आता पैशाचे बोलू.

संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेठ म्हणजे 'स्टीम'. तेथे एक खेळ मांडण्याची फी १०० डॉलर आहे. खेळाची विक्री हजार डॉलरपर्यंत गेली तर ही फी परत मिळते. दार असे उघडे असल्याने गर्दीही तशीच आहे. २०२४ या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे रोज सुमारे ५०. आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या पन्नास पाट्या एकदम उतरल्या तर भावाचे काय होते, हे कोणाला सांगायला नको.

आडत्याची आडतही असतेच. विक्रीच्या १०० रुपयांतले ३० रुपये स्टीम ठेवून घेते. यातली खोच अशी की, २०१८ च्या अखेरीपासून ज्या खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे जाते, त्याच्या पुढच्या विक्रीवर आडत २५ टक्के होते, आणि पाच कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के. म्हणजे हातगाडीवाल्याला पूर्ण आडत आणि पेढीवाल्याला सवलत. याउलट, ॲपलने २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमाई असणाऱ्या लहान धंदेवाल्यांची आडत ३० वरून १५ टक्के केली. बाजाराचे नियम माणसांनी केलेले असतात आणि ते बदलता येतात, हे यावरून दिसते.

तिसरी गोष्ट परतीची. २०१५ पासून स्टीमवर घेतलेला खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवस उलटले नसतील, तर पैसे परत मिळतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण ज्याचा खेळ दीड तासात संपतो, त्याचा माल खाऊन ताट परत आल्यासारखे होते.

एक साधा हिशेब मांडू. समजा, खेळाची किंमत ३०० रुपये ठेवली आणि हजार प्रती खपल्या. झाले तीन लाख. त्यातले ९० हजार आडतीत गेले. राहिले दोन लाख दहा हजार. हा खेळ करायला एका माणसाची दोन वर्षे लागली असतील तर महिन्याला पडले ८ हजार ७५० रुपये. त्यातूनच कर, सवलतीत गेलेली किंमत, वीजबिल आणि इंटरनेट. शिवाय हजार प्रती खपणे हेही सोपे समजू नये.

चौदा महिने आणि एक शनिवार-रविवार

चांगला माल बनवूनही बाजारात काय होते, याचे एक उदाहरण. ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या दोन अमेरिकी तरुणांनी 'थ्रीज' नावाचा आकड्यांचा खेळ बनविला. चार बाय चारची चौकट, तीत आकडे सरकवून जुळवायचे, एवढाच तो खेळ. पण तो एवढा साधा व्हावा म्हणून चौदा महिने गेले. शेकडो कल्पना करून टाकून दिल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो विक्रीला आला आणि त्याचे कौतुक झाले. लगोलग त्याच्या नकला निघाल्या. मार्चमध्ये इटलीच्या गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या मुलाने, त्या नकलांवरून कल्पना घेऊन, शनिवार-रविवारच्या सुट्टीत '२०४८' हा खेळ बनविला आणि फुकट वाटला. जगभर पसरला तो '२०४८'. आपल्याकडेही लोकल गाडीत तो खेळणारे खूप दिसत. 'थ्रीज'चे नाव त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होते?

त्या मुलाला चोर म्हणता येणार नाही. खेळाच्या नियमांवर सहसा कोणाची मालकी नसते. चित्र, संगीत आणि लिहिलेला प्रोग्रॅम यांवर हक्क असतो, कल्पनेवर नसतो. हे कायद्याचे अंतर ज्याला माहीत नाही, त्याचेच मन अधिक मोडते.

पुण्याची राजी

हे सर्व परदेशातले झाले. आपल्या पुण्यातही हे घडले आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या लहानशा कंपनीने 'राजी' नावाचा खेळ बनविला. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक डोंबारी मुलगी, ही त्याची नायिका. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. ठरविलेली रक्कम जमली नाही, आणि त्या पद्धतीत रक्कम पुरी झाली नाही तर हाती काहीच येत नाही. तरीही काम थांबले नाही. २०२० साली 'राजी' प्रसिद्ध झाला. दगडी महाल, कोरीव खांब आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा यांमुळे जगात त्याचे नाव झाले. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. एकदा झोळी रिकामी राहिली म्हणजे संपले, असे नाही. मात्र मधली तीन वर्षे कोणाला तरी काढावी लागतात.

आणि देखणेपणा नसला तर? लुका गलांते हा लंडनमध्ये राहणारा इटालियन. एके काळी मॅकडोनाल्डमध्ये काम केलेला. त्याने फावल्या वेळात 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' बनविला, तोही तयार मिळणारी स्वस्त चित्रे विकत घेऊन. २०२१ च्या डिसेंबरात तो स्टीमवर तीन डॉलरला मांडला. चित्रे ओबडधोबड, पण हात थांबेना असा खेळ. २०२३ साली त्याला ब्रिटनच्या 'बाफ्टा' संस्थेचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा पॉलिश महत्त्वाचे हे खरे, पण लाकूड किडके असेल तर पॉलिशने ते टिकत नाही, आणि लाकूड शिसवी असेल तर थोडा खडबडीतपणा खपून जातो.

कागद सांभाळा

१९९० च्या दशकात आपल्या बाजारांत 'ब्रिक गेम' नावाचे लहानसे खेळणे मिळत असे. वरून विटा पडायच्या आणि आपण रांगा जुळवायच्या. तो मूळ खेळ 'टेट्रिस'. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतले ॲलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो बनविला. त्यांच्या यंत्राला चित्र काढताच येत नव्हते, म्हणून त्यांनी कंसाची चिन्हे जोडून विटा उभ्या केल्या. तो खेळ जगभर विकला गेला. परंतु हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्याने पाजितनोव्ह यांना अनेक वर्षे त्यातले मानधन मिळाले नाही. १९९६ नंतर, हक्क त्यांच्याकडे आल्यावर, ते मिळू लागले.

म्हणून मुलाला सांगावे: मित्रांबरोबर काम करायचे तर कोणाचा वाटा किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिही. नोकरीत असशील तर घरी केलेल्या कामावर कंपनीचा हक्क लागतो काय, ते नेमणूकपत्रात वाच. प्रकाशक भेटला तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखव.

घरच्यांनी काय करावे?

एकदम हो नको आणि एकदम नाहीही नको. प्रथम पाहावे की, हा खेळ बनविण्याचा नाद आहे की पैसे लावून खेळण्याचा. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. त्या खेळांनी घरे बुडविली. या कामाशी त्यांचे नाते नाही.

बनविण्याचा नाद असेल तर खर्च फारसा नाही. 'गोदो' आणि 'ब्लेंडर' ही दोन्ही साधने पूर्ण मोफत आहेत. यांतील 'ब्लेंडर'ची कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी एक लाख युरो वर्गणी गोळा करून ते साधन सोडवून घेतले आणि सर्वांसाठी खुले केले. २०२५ साली ज्या 'फ्लो' या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, तो याच फुकटच्या साधनावर बनला. त्यामुळे कर्ज काढून महागडी यंत्रे घेण्याचे कारण नाही.

नोकरी सोडण्याआधी एक लहान खेळ पुरा करून दाखव, अशी अट घालावी. दहा अर्धवट खेळांपेक्षा पुरा झालेला एक खेळ अधिक शिकवितो, आणि उद्या नोकरीच्या मुलाखतीत तोच दाखविता येतो. मुदत ठरवावी, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. आणि मुलगी हे काम करू म्हणत असेल तर तिलाही तेवढीच मुदत आणि घरकामातून तेवढीच सूट द्यावी.

शेवटचे काम आईचे किंवा आजीचे आहे. ज्याने आयुष्यात खेळ हातात घेतला नाही, असा माणूस खेळ तपासायला सर्वांत चांगला. तेव्हा मुलाला म्हणावे, "आण इकडे, मी खेळून बघते." तो शेजारी उभा राहून सांगू लागेल, इथे दाब, तिथे दाब. त्याला गप्प बसवावे. विकत घेणाऱ्याच्या शेजारी तो उभा राहणार नाही. तुम्ही कुठे अडता, कुठे कंटाळता आणि कुठे नकळत हसता, एवढे त्याने मुकाट्याने पाहावे आणि वहीत टिपून घ्यावे. त्या रात्री तो पुन्हा दोन वाजेपर्यंत बसेल. पण तो कशासाठी बसला आहे, हे आता तुम्हालाही ठाऊक असेल.